डॉजला हवं होतं इंजिन

बंद पडलेल्या गाडीवर धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. टपावर ती जाड आणि मऊ बसते, काचांवर पातळ, आणि ज्या दाराला रोज हात लागतो त्याच्या मुठीवर बसतच नाही. आमच्या डॉजच्या डाव्या दाराची मूठ कायम चकचकीत असायची. रोज कॉलेजातून आले की मी शेडमध्ये जाऊन डाव्या बाजूला थोडा वेळ बसत असे. उजवी बाजू माझ्या नवऱ्याची, शांतारामांची. ते गेल्यावरही त्यांचीच. तिकडच्या मुठीवर धूळ भरपूर होती.

पण सांगायचं आहे ते इंजिनाबद्दल. जुनं कायमचं निकामी झालं होतं, नवं हवं होतं. मी पालघरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. एका जडशीळ अमेरिकन गाडीला योग्य इंजिन निवडणं हा माझ्या मते अकरावीच्या मुलानेही सोडवावा असा प्रश्न होता. गाडीचं वजन माहीत, चाकाचा व्यास माहीत, हवा तो वेग माहीत. उत्तर एकच येणार! ते यायला तीन वर्षं लागली, यात दोष पदार्थविज्ञानाचा नव्हता.

दोष होता तो माझ्या थोरल्या भावाच्या एका प्रश्नाचा. कृष्णकांतदादा बडोद्याला असतो. दर दिवाळीला येऊन तो विचारायचा, "एकटी राहून इथे करतेस काय? सगळं आवर आणि आमच्याकडे ये." खरंच, काय करत होते मी? शिकवत होते, भात लावत होते, रेडिओवरच्या बातम्यांना "हो का?" म्हणत होते. असलं उत्तर भावाला कसं द्यायचं? म्हणून एकदा म्हणाले, "गाडी अशी टाकून कशी येऊ? इंजिन बसलं की गाडीनेच येते."

दादा बँकेतला माणूस. तोंडी शब्दसुद्धा तो तारण ठेवून घेतो!

त्या दिवसापासून मी इंजिन निवडू लागले. बोईसरचा एकनाथ मिस्त्री दर रविवारी नवं इंजिन सुचवायला यायचा. तारापूरच्या कारखान्यांचे ट्रक दुरुस्त करून त्याचे हात कोपरापर्यंत काळे झालेले. पायरीवर बसूनच तो सुरुवात करायचा.

"मॅडम, मॅटॅडोर टेम्पोचं डिझेल इंजिन घ्या. फुकटात चालल्यासारखी चालेल."

"हादरे फार बसतील."

"मग ॲम्बॅसिडरचं पेट्रोल."

"या वजनाला ते पुरणार नाही. घाटात थांबेल."

"पालघरला घाट कुठे हाय?"

"बडोद्याला जायचंय."

"मॅडम, बडोद्यापर्यंत रस्ता पोळपाटासारखा हाय!"

"तरी पण," मी म्हणायचे आणि चहा ओतायचे.

एकदा त्याने ट्रकचं इंजिन सुचवलं. पुढचा भाग इतका जड होईल की गाडी जमिनीचा वास घेत जाईल, हे मी त्याला अंगणात खडूने काढून दाखवलं. तो मान हलवत निघून गेला आणि पुढच्या रविवारी परत आला. रविवारी मी दूध जास्त घेत असे. एकनाथ "अर्धाच द्या" म्हणून अर्धा अर्धा करत बराच चहा प्यायचा. इंजिन ठरलं असतं, तर रविवारच्या त्या दुधाचं मी काय केलं असतं?

सातपाटीची नर्मदा मासळीची टोपली घेऊन रोज माझ्या दारावरून जायची. तिने हे सगळं पाहिलेलं.

"बाई, मुलगी बघायला पन येवढा येळ नाय लागत! किती इंजिना नाकारनार?"

"जुळत नाही गं एकही."

"कुंडली बघता काय त्याची?" असं म्हणून ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायची. मग बोंगे मोजून द्यायची, म्हणजे बोंबील. पाव किलो म्हणून दिलेले नेहमी त्याहून जास्तच भरायचे.

यंदा दादा दिवाळीची वाट न बघता मे महिन्यातच आला. येताना रिकामी ट्रंकही घेऊन आला, माझं सामान भरायला! आणि नेमकी त्याच सकाळी नर्मदा टोपली उतरवत म्हणाली, "आमच्या होडीला नवा इंजिन बसवलाय. जुना चांगला धडधाकट हाय. भरलेली होडी वादळातना आनायचा. तुमची मोटार म्हंजे त्याला कोलंबी!"

दादा ताडकन उठला. "मग घेऊन टाक! काय वाईट आहे त्यात?"

मी गणित करून पाहिलं. वजन चालत होतं. फेरे कमी, पण बळ भरपूर. रस्ता तर एकनाथने आधीच पोळपाटासारखा करून ठेवलेला! सगळं बरोबर आलं. गणित बरोबर आल्याचं वाईट वाटावं, अशी ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

"ठरलं!" दादा म्हणाला.

मग मला कोणी विचारलंच नाही. डॉज बैल जुंपून सातपाटीला गेली, कारण असलं इंजिन उचलायला लागणारी साखळी आणि माणसं बंदरावरच होती. नर्मदेचा नवरा वामन तांडेल आणि एकनाथ यांनी मिळून ते बसवलं. गाडीचा गिअरबॉक्स त्याला जुळेना, तेव्हा होडीचाच बसवला. त्याला लिव्हर एकच. पुढे ढकलली की पुढे, मागे ओढली की मागे, मधे ठेवली की उभं. एकनाथने रेडिएटर जोडला, इंजिन सुरू केलं. सातपाटीचे कावळे उडाले! लिव्हर मधेच होती.

"आता जरा चालवून बघू," एकनाथ म्हणाला.

वामन भडकला. "नारळ फोडल्याबिगर? आमच्यात नवी मशीन पूजेआधी एक वीत पन हलवत नाय! येडा झालास?"

"अरे, ही मोटार हाय!"

"मशीन माझ्या होडीची हाय ना?"

एकनाथने इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना भगवी निशाणं. डॉजचं तोंड मानाने रस्त्याकडे केलेलं, पाठ समुद्राकडे. दादा ट्रंकसह मागे बसला. मी डावीकडे. लिव्हर होडीची, म्हणून चालवायला वामन. त्याने उजवं दार उघडलं, मुठीवरची धूळ उपरण्याने पुसली आणि शांतारामांच्या जागेवर बसला. मी समोर बघत राहिले. शेजारी कोणी बसलं की सीट थोडी कलते, हे मी विसरूनच गेले होते.

नर्मदेने मलाही कुंकू लावलं. "जावा सुखान," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

नारळ फुटला. वामनने इंजिन सुरू करून लिव्हर पुढे ढकलली.

आणि डॉज मागे गेली!

समोर उभी असलेली सगळी माणसं एकदम लहान होऊ लागली. वामनला वाटलं, ओहोटीने ओढलं. होडी हाकणारा तांडेलच तो! अशा वेळी मशीन वाढवायची एवढंच त्याला ठाऊक. त्याने वाढवली. आम्ही दुप्पट वेगाने मागे निघालो.

त्याच क्षणी मला कळलं. मी वजन तपासलं होतं, वेग तपासला होता, बळ तपासलं होतं. फक्त चिन्ह तपासायचं राहिलं होतं, अधिक की उणे! होडीच्या गिअरबॉक्समधून येणारा दांडा उलटा फिरतो. होडीला पाण्यातला पंखाच तसा बसवतात, म्हणून कोणाला कळत नाही. गाडीच्या चाकांना मात्र लगेच कळलं.

"लिव्हर मागे ओढा!" मी ओरडले.

"मागंच तं चाललोय!" वामन ओरडला.

"ब्रेक! ब्रेक दाबा!"

"होडीला कुठं ब्रेक असतो?"

पाठीमागे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. ते आम्ही ओळीने अंगावर घेतले. दोऱ्या तुटल्या, बांबू पडले, बायका धावत सुटल्या. एक अख्खी माळ खिडकीतून आत आली आणि दादाच्या गळ्यात पडली. मग वाळू, मग ओली वाळू, मग थंड पाणी! मागची चाकं रुतली आणि डॉज शेपटी समुद्रात घालून उभी राहिली. इंजिन मात्र खुशीत धडधडत होतं.

सगळं गाव भोवती जमलं. त्या आवाजात प्रत्येकाला ओरडावंच लागत होतं.

"इंजिनाला घर आठवला!" कोणीतरी म्हणालं आणि किनाराभर हशा पिकला.

एकनाथ गुडघाभर पाण्यातून माझ्या खिडकीशी आला. "मॅडम! मी काय म्हणतो! मॅटॅडोरचं डिझेल!"

दादा ट्रंक डोक्यावर धरून उतरला. गळ्यात बोंबील तसेच. "पुरे झालं इंजिन!" तो गरजला. "उतर खाली! संध्याकाळच्या रेल्वेने निघायचं. आता काही अडचण आहे?"

अडचण नव्हती. मी शोधली. तीन वर्षांत पहिल्यांदाच एकसुद्धा सापडली नाही. साडीचा काठ भिजत होता. पडलेले बांबू उभे करणाऱ्या बायका माझ्या नावाने शिव्या देत होत्या, पण अशा, की जणू उद्याही मी त्यांना तिथेच भेटणार आहे.

नर्मदा पाण्यात शिरून माझं दार उघडू लागली. "बाई," ती माझ्या कानाशी ओरडली, "तुमाला जायाचा नाय तं तोंडान सांगा ना! मोटारीला कशाला सांगायला लावता?"

मी सांगितलं. इंजिनाच्या धडधडीत ते मलाही ऐकू आलं नाही.

"काय?" दादा कानावर हात ठेवून ओरडला. "काय म्हणालीस?"

मी छातीभर श्वास घेतला. आयुष्यात वर्गातसुद्धा कधी काढला नव्हता, एवढा मोठा आवाज काढायचं ठरवलं. तेवढ्यात एक लाट आली, मागच्या धुराच्या नळीत शिरली, इंजिन दोनदा गुडगुडलं आणि बंद पडलं. साऱ्या किनाऱ्यावर शांतता पसरली आणि त्या शांततेत, सातपाटीपासून पालघरपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात, मी ओरडले,

"दादा, मी बडोद्याला येणार नाही! मी इथेच राहणार!"