दूध राहिलं

फायनल सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. पाय मोकळा करावा म्हणून बुलडोझरने चेंडूला लाथ मारली आणि चेंडूने स्पीकर थेट पाण्याच्या बादलीत पाठवला.

बुलडोझर ही मुलींच्या रग्बी संघाची कॅप्टन. आणि स्पीकरमध्ये होता त्यांच्या कोच सरांचा आवाज. सर गेल्यापासून मुली त्यांच्या रेकॉर्डिंगवरच वॉर्मअप करत. अंग गरम केल्याशिवाय मैदानात पाय टाकायचा नाही, हा सरांचा दंडक. एकदा घाईत तो मोडला, तर दोघींचे गुडघे कामातून गेले होते.

“ताई, बुडालं हो सगळं!”

ताई म्हणजे सरांची मुलगी. पेशाने दातांची डॉक्टर, पण हल्ली गळ्यात त्यांची शिट्टी.

“रडू नका. मला पाठ आहे. चला, मान फिरवा! खांदे! एका पायावर उडी, गुडघा आत वळू देऊ नका! आता अर्धं खाली बसा... उठा!”

कुणीच उठेना.

“अगं, उठा म्हटलं ना!”

“दूध राहिलं, ताई,” बुलडोझर दातओठ खात म्हणाली.

रेकॉर्डिंग करताना नेमका इथेच सरांना घरून फोन आला होता. मुलींना तसंच वाकवून ठेवून ते म्हणाले होते, “हो गं, आणतो दूध!” आणि मग, “उठा!” पायांना आता उठायचा तो दुधाचाच हुकूम ठाऊक होता. दूध आणायला सर विसरले, ती गोष्ट वेगळी.

मांड्या लटपटू लागल्या. समोरचा संघ अंग हलवायचं सोडून पोट धरून हसत होता. रेफरी धावत आले. “मैदानात या, नाहीतर सामना त्यांना देतो!”

ताईने तोंड उघडलं. मग नुसतीच बाबांची शिट्टी मुठीत धरली.

तेवढ्यात बाकावर बसलेल्या ताईच्या आईचा खणखणीत आवाज आला, “अहो, येताना दूध आणाल का?”

“हो गं!” ताई ओरडली. “आणतो दूध!”

अख्खा संघ स्प्रिंगसारखा उसळला! पहिल्याच धडकेत बुलडोझर तिघींना अंगावर घेऊन पडली आणि धूळ झटकत उठली. समोरची सगळ्यात वेगवान मुलगी मात्र पहिल्याच धावेत मांडी धरून खाली बसली.

मध्यंतराला ताईचा संघ पुढे होता. पलीकडे सगळ्या मुली अर्ध्या बसलेल्या, आणि त्यांचे धिप्पाड कोच घामाघूम होऊन बाकाशी आलेले.

“काकू, तेवढं दूध सांगता का? आमच्या म्हणतात, त्याशिवाय लागू पडत नाही.”

आईने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

“सांगते. पण तुम्ही तरी खरंच आणा.”