विमानाला लागला ठसका

“पाहुणे जाईपर्यंत त्या विमानाला हात लावायचा नाही,” उज्वलाने पोह्यांवर झाकण ठेवत नवऱ्याला बजावलं.

सोमनाथने मान डोलावली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून तो घरामागच्या शेडमध्ये एक माणूस बसेल एवढं विमान बांधत होता. पंख अजून लागायचे होते. जुन्या कारचं इंजिन आणि पुढचा पंखा मात्र बसला होता, पण चालू केलं की इंजिन आधणासारखं उकळायचं. रेडिएटरला वारा पोचत नाही, असं निदान करून सोमनाथने कालच विमानाच्या नाकाखाली वारा गिळायला पत्र्याचं भलंमोठं तोंड बसवलं होतं. ते चालवून बघायचं, तर आज नेमके नांदगावचे पाहुणे त्याच्या मुलीला, हर्षालीला, बघायला येऊन बसले.

मुलाचे वडील धोंडीराम खिडकीतून शेडकडे बघत म्हणाले, “ते काय हाय, सोमनाथराव? फवारणीचं मशीन?”

“विमान आहे!” सोमनाथ दुखावला.

“चालू होतं का पण?”

उज्वलाने डोळे वटारले, पण तोवर सोमनाथच्या पायात चपला होत्या.

पंख्यापासून लांब म्हणून त्याने पाहुण्यांना विमानाच्या मागे उभं केलं. विमानाचं नाक होतं शेजारच्या लताबाईंच्या अंगणाकडे. तिथे लताबाई वर्षभराच्या मिरच्यांचे देठ खुडून मिरच्या पसरून घरात गेल्या होत्या.

इंजिन धडधडलं. सोमनाथचं नवं तोंड झकास चाललं. त्याने आधी धूळ गिळली, मग चुरा गिळला, मग अख्ख्या मिरच्या. त्या आत तापलेल्या रेडिएटरवर जाऊन चिकटल्या आणि खमंग भाजल्या. वारा बाहेर पडायच्या फटीतून जो धूर निघाला, तो थेट पाहुण्यांच्या तोंडावर!

“आई गं! मेले!” मुलाची आई चांगुणाबाई पदर नाकाला लावून मटकन खाली बसल्या. धोंडीरामांना बोलता येईना. सोमनाथ आनंदाने ओरडला, “बघा, वारा खेचतंय!” आणि त्यालाही ठसका लागला. शेवटी हर्षालीने ओढणी तोंडाला बांधून इंजिन बंद केलं.

नवरामुलगा रविराज डोळे पुसत विमानाखाली वाकला. “वाऱ्याला आत यायला दरवाजा आणि बाहेर जायला उंदराचं बीळ. इंजिन तापणारच की.”

“मी पप्पांना हेच सांगत होते!” हर्षालीही वाकली. “पण ते ऐकतात कुठे?”

एवढ्यात लताबाई कुंपणाशी आल्या. बघतात तर दोन्हीकडची माणसं ढसाढसा रडताहेत, विहीणबाईंना उज्वलाने पोटाशी धरलंय.

“अगं उज्वला, ठरलं वाटतं!” त्यांनी मिरच्यांकडे बघितलंही नाही. साखरेचा डबाच घेऊन आल्या आणि धोंडीरामांच्या तोंडात चिमूट कोंबली. धोंडीरामांनी ‘नाय नाय’ म्हणायला तोंड उघडलं, पण जोरात शिंक आली आणि मान पार छातीपर्यंत खाली गेली.

“बघा, सासरे तर हो म्हणाले!”

मग एक चिमूट चांगुणाबाईंच्या तोंडात गेली. जिभेची आग साखरेने जरा शमली, तशी त्यांनी आणखी चिमूटभर मागून घेतली. लताबाईंच्या दृष्टीने दुसरीही संमती झाली.

विमानाखालून हर्षालीने विचारलं, “तुमचं काय म्हणणं?”

“मागचं तोंड दुप्पट करू.”

“लग्नाचं विचारतेय मी.”

रविराजचे डोळे लालभडक झाले होते, नाकही गळत होतं. “ते पण करू,” तो म्हणाला.