अनंताचं टिंग

आमच्या वाचनालयातला स्कॅनर मुका झालाय. पुस्तकावरच्या काळ्या रेघांवर त्याचा लाल उजेड पडतो, कॉम्प्युटरात नोंदही होते, पण आवाज येत नाही. म्हणून अनंता स्वतःच्या तोंडाने म्हणतो, "टिंग!" टिंग झाल्याशिवाय पुस्तक हातात देत नाही. लाईट गेली की कपाटासमोरून रिकाम्या हाताने घरी जायचं. "आक्का, कॉम्प्युटरला ठावं नाय, तं पुस्तक गेलं कुठं ते मी कुनाला इचारू?"

अनंता माझा शेजारी. खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि गावात हे खूळ घेऊन बसला. मी चौथी शिकलेली. पुस्तकांची नावं मला आठवत नाहीत, इतर बायकांनाही नाही. मग त्याने कॉम्प्युटरात प्रत्येक पुस्तकापुढे आमच्याच बोलण्यातल्या खुणा टाकल्या. 'सासूची जिरवली' असं टाइप केलं की तसल्या पुस्तकांची रांग लागते. 'रडवतं', 'शेवट गोड', 'नवरा गेला ते बरं झालं'. ही शेवटची मी सुचवलेली.

मागच्या महिन्यात तालुक्यातली वाचनालयं एकत्र जोडायला एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. खुणा वाचून आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "काका, नव्या सिस्टीममध्ये ठरलेलेच विषय चालतात. हे पुसावं लागेल."

"एकपन पुसायची नाय," म्हणत अनंता माऊसवर हात दाबून बसला. चहा आला, गार झाला, हात हलला नाही.

शेवटी ती वैतागली. "एक रकाना मोकळा आहे. एक खूण ठेवते. कुठली?"

मला वाटलं, सासूवाली ठेवील. तिच्यासाठीच बायका येतात.

"'मोठं अक्षर' ठेवा," तो म्हणाला.

"ते कोणाला लागतं?"

"हाय एक. नीट दिसत नाय तिला, पन सांगत नाय. बारीक अक्षर असलं का आवडलं नाय म्हनून परत आनते."

मी कपाटाकडे तोंड करून उभी होते. मोतीबिंदूचं मी सुनेलासुद्धा सांगितलेलं नाही. हल्ली तो काढून देतो ती पुस्तकं मला वाचता येत होती, आणि मी समजत होते, छपाई सुधारली.

मुलीने बाकीच्या खुणा उडवल्या. अनंता स्क्रीनकडे बघत राहिला. मी एक पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. त्याने लाल उजेड मारला आणि गप्प बसला.

"टिंग कोन म्हननार रं?"

मग मीच म्हटलं, "टिंग," आणि पुस्तक घेऊन घरी आले.