शेपटाची अप आणि डाऊन

एकतीस वर्षं मी खंडाळ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर होतो आणि तेवढ्या काळात माझ्या हातून एकही तार चुकीच्या जागी जोडली गेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून माझ्या नोकरीबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको.

रिटायर झालेल्या माणसाचे हात शिवशिवतात. घरातला मिक्सर मी तीनदा उघडला, तेव्हा बायकोनं, म्हणजे अनितानं, स्क्रू ड्रायव्हर पिठाच्या डब्यात लपवला. अशा माणसाच्या घरात मुलीनं नऊ फुटी पंखांचं, पेट्रोलच्या इंजिनावर उडणारं विमान बांधायला घेतलं तर त्यानं करावं काय? चौदा महिने मी नुसता लांबून बघत बसलो. माधवी हात लावू देत नव्हती.

रिमोटवरचं विमान म्हणजे खेळणं समजू नका. ते हॉलमध्ये असेपर्यंत पाहुण्यांना सोफ्यावर जायला पंखाखालून वाकून जावं लागायचं. चाकणची चांगली नोकरी सोडून पोरीनं हा उद्योग मांडला होता. कामशेतच्या पुढं पवनेच्या रस्त्याला एक निवासी शाळा आहे, तिथं मुलांना विमानं बांधायला आणि उडवायला शिकवणारं माणूस हवं होतं. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर विमान उडवून दाखवायचं. नीट उडालं तर नोकरी. पडलं तर नोकरीही नाही आणि विमानही नाही. चाकणवाले काही परत घेणार नव्हते, हे तिनंच एकदा जेवताना सांगितलं होतं आणि मग पुढची भाकरी नको म्हणाली होती.

शनिवारी दुपारी विमानाच्या पुढच्या पंख्याला चीर दिसली. नवा पंखा पुण्यालाच मिळणार. लोकल गाठायची घाई, आणि इकडं रंग द्यायला काढलेलं शेपूट जोडायचं राहिलेलं. माधवीनं शेपटाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि शेवटी नाइलाजानं माझ्याकडं बघितलं.

"बाबा, फक्त शेपूट. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"आडवा पंख खाचेत सरकवायचा, दोन बोल्ट. मग उभा पंख. आडव्या पंखाच्या मागं बिजागरीवर हलणारी फळी आहे, तिला वर एक शिंग आहे आणि खाली एक शिंग आहे. पोटातून दोन तारा आल्यात, त्या शिंगांना जोडायच्या. तारांना लेबलं लावलीयत, अप आणि डाऊन. काही अडलं तर फोन करा."

"अगं, एकतीस वर्षं..."

"ते माहितेय. तरी फोन करा."

ती गेली. अनिता आतून म्हणाली, "लेक सांगेल तेवढंच करा हो." मी तिकडं लक्ष दिलं नाही.

एवढ्यात बजरंग आला. बजरंग माझा शेजारी, आणि हाही रेल्वेचाच. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारं इंजिन असतं ना, त्या इंजिनावर त्याची सगळी नोकरी गेली. म्हणजे माणसाचा जन्मच शेपटाशी गेलेला. याच्याहून चांगला मदतनीस कुठं मिळणार? आम्ही दोघांनी आडवा पंख सरकवला, बोल्ट आवळले, उभा पंख ओळंबा लावून सरळ केला. काम असं सुरेख झालं की मी दोन पावलं मागं जाऊन बघत राहिलो.

मग राहिल्या तारा. मी 'अप' लिहिलेली तार उचलली आणि फळीच्या खालच्या शिंगाकडं नेली.

बजरंग म्हणाला, "भाऊ, पोरीला इचारून घ्या की एकदा."

"काय विचारू? अप म्हणजे काय?"

"तसं न्हाई, पन..."

"अप गाडी कुठं जाते?"

"म्हमईला."

"आणि मुंबई कुठं आहे?"

बजरंगनं घाटाच्या दिशेनं बघितलं. "खाली."

"मग?"

"मग अप खालीच की!" बजरंग म्हणाला. "डाऊनला तर आमी ढकलून ढकलून वर आनायचो."

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीत अप म्हणजे वर. शाळेत मलाही तसंच शिकवलं होतं. पण शाळा दहा वर्षांची आणि नोकरी एकतीस वर्षांची. आमच्या घाटात अप गाडी खंडाळ्याहून खाली उतरते आणि डाऊन गाडी वर चढते. ज्या नव्या पोरानं इंग्रजी अर्थ धरून रुळावर पाऊल टाकलं, त्याला मुकादमानं कॉलर धरून मागं ओढलेलं मी पाहिलंय. आणि माधवी कुणाची मुलगी? क्वार्टरच्या पायरीवर बसून ती बाराखडीच्या आधी अप-डाऊन शिकली. ती लेबलं लिहिणार ती आपल्या घरच्याच भाषेत लिहिणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

अप खालच्या शिंगाला. डाऊन वरच्या शिंगाला. तारा ताणून ताठ केल्या.

माधवी पुण्याहून परतली ती दमूनच. तिनं शेपूट हलवून बघितलं, तारा बोटानं दाबून बघितल्या. "घट्ट आहे," ती म्हणाली. "सरळ आहे. अप-डाऊन नीट जोडलंय ना?"

"मला विचारतेस?"

ती हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. रिमोट चार्जिंगला लावला होता, म्हणून बाकीची तपासणी सकाळी मैदानावर करू म्हणाली.

सकाळी टेम्पोतून विमान नेलं. शाळेचं मैदान लांबलचक, पलीकडं भात काढून मोकळी झालेली खाचरं आणि मधे एक बांध. मुख्याध्यापक अमृत सर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वही, हातात पेन. विमानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं पारखायची त्यांना सवय होती, आणि ते विमानापेक्षा माधवीकडंच जास्त बघत होते. तिच्या कपाळावर घाम दिसत होता. थंडीत.

इंजिन सुरू झालं. बजरंगनं सवयीनं शेपूट धरलं. माधवी नाकापाशी गुडघ्यावर बसून इंजिनाचा स्क्रू फिरवत होती, रिमोट गळ्यात. तिथून तिला शेपूट दिसत नव्हतं. ती ओरडली, "बाबा, मागं उभे राहा! मी अप देते, बघून सांगा!"

मी फळीवर डोळे रोखले. फळी झुकली. खाली, म्हणजे मुंबईकडं.

"अप बरोबर!" मी खणखणीत आवाजात सांगितलं.

"डाऊन?"

फळी वर उठली. "डाऊन बरोबर!"

"अप बरोबर, डाऊन बरोबर!" बजरंगनंही म्हटलं. आमच्या रेल्वेत ऐकलेलं परत उच्चारायची पद्धत आहे, चूक होऊ नये म्हणून. अमृत सरांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. शिस्त आवडली असावी.

बजरंगनं शेपूट सोडलं.

विमान धावलं आणि पाच पावलांत काहीतरी बिनसलं, हे मलाही कळलं. शेपूट एकदम उचललं गेलं. नाक खाली. पुढचा पंखा गवताची पाती उडवू लागला. माधवीचा अंगठा रिमोटची दांडी मागं ओढत होता, आणि जितकी ती ओढेल तितकं नाक जमिनीत घुसू बघत होतं. वेग वाढत चालला. विमान उडेना, थांबेना. मैदान संपलं आणि चाकं बांधावर आपटली.

त्या धक्क्यानं विमान हवेत फेकलं गेलं. पंधरा-वीस फूट वर. मग नाक खाली करून सरळ खाचराकडं निघालं.

ती दांडी ओढतेय, म्हणजे तिला वर जायचंय, आणि फळी खाली जातेय. म्हणजे तिची अप वर होती! माझी खाली! बाराखडीच्या आधी शिकवलेलं पोरगी साफ विसरली होती. एका क्षणात मला सगळं दिसलं, ती नोकरी, ते चौदा महिने, ती नको म्हटलेली भाकरी. मी सगळा जीव घशात आणून ओरडलो, "डाऊन दे, माधवी, डाऊन!"

तिनं दांडी पुढं ढकलली. जमीन चार फुटांवर आली असताना विमान उचललं गेलं आणि वर चढलं.

पुढची चार मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. वर जायचं तर दांडी पुढं, खाली यायचं तर मागं. तिच्या हातांना वर्षानुवर्षांची एक सवय, आणि प्रत्येक क्षणाला ती सवय मोडायची. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "उलटं, उलटं, उलटं." ओठ पांढरे पडले होते. एका वळणावर हात चुकला, विमान झपकन खाली आलं, परत सावरलं. बजरंग मैदानातच खाली बसला.

उतरताना ती तीनदा आली आणि तीनदा परत वर गेली. चौथ्यांदा चाकं टेकली. विमान उडी मारून पुन्हा टेकलं, एक चाक निखळून अमृत सरांच्या खुर्चीखालून गेलं आणि इंजिन बंद पडलं.

सर उठून आले. "शेवट छान केलास," ते माधवीला म्हणाले. "पण सुरुवातीला तू घाबरलीस. हातात मुलं असताना असं गोंधळून चालणार नाही. राग मानू नकोस, मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

माधवीनं खाली बघितलं. एका शब्दानंही तिनं माझं नाव काढलं नाही. माझ्याकडं नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. तेही नाही.

आता मोठेपणा मिरवण्यात काय अर्थ होता? "सर," मी म्हणालो, "ती नाही चुकली. शेपूट मी जोडलं. उलटं जोडलं." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. अप, डाऊन, मुंबई, घाट, शिंग. बजरंग मधे मधे "व्हय" म्हणत होता.

सरांनी फळी बोटानं वर-खाली करून बघितली. माधवीला दांडी हलवायला लावली. परत बघितलं. "म्हणजे उलट्या शेपटाचं विमान हिनं चार मिनिटं उडवलं?"

"व्हय, सर."

"आणि उतरवलं?"

"एक चाक सोडून," मी म्हणालो.

सरांनी वही मिटली. मग माधवीला म्हणाले, "उद्या सोमवारपासून ये." दोन पावलं गेले आणि वळले. "एकटीच ये."

परतताना टेम्पोनं कामशेत मागं टाकलं. माधवीनं डोळे पुसले, मग हसली, मग परत पुसले. वातावरण निवळल्यासारखं बघून मी हळूच म्हणालो, "काही म्हण, मी वेळेवर 'डाऊन' ओरडलो म्हणून विमान वाचलं."

"कधी ओरडलात?"

"बांधावरून उडालं तेव्हा. तेवढं ऐकूनच तू दांडी पुढं ढकललीस ना?"

"बाबा, तुम्ही डाऊन वगैरे काही म्हणाला नाहीत. तुम्ही 'आई आई गं, मेलो' म्हणालात."

"छे!"

"त्यावरूनच तर मला कळलं. दुसऱ्याचं चुकलं की तुम्ही त्याच्या नावानं ओरडता. आजीची आठवण तुम्हाला फक्त स्वतःचं चुकल्यावर येते. म्हटलं, यांनी शेपटात काहीतरी उलटं केलंय. आणि दांडी उलटी फिरवली."

हे मला अजिबात मान्य नाही. मी डाऊनच ओरडलो होतो. साक्षीला बजरंग होता, म्हणून मी त्याच्याकडं वळलो.

बजरंगनं तोंड रस्त्याकडं वळवलं. मग म्हणाला, "भाऊ, हाक तुमी आईलाच मारली. पन लय मोठ्यानं मारली."