भिंतीतले झटके

"इलेक्ट्रिशियनला बोलवा," असं बायकोनं चौथ्यांदा सांगितलं, तेव्हाच नवऱ्यानं ठरवलं की आता काही झालं तरी वायर आपणच ओढायची.

लेकीची मुलाखत दुपारी चारला, लॅपटॉपवर. वर्षभर घरी बसलेल्या पोरीला आलेलं हे एकच बोलावणं. हॉलमध्ये बसावं तर समोर वेल्डिंगवाल्याचा ठणठणाट, वरच्या खोलीत बसावं तर वायफाय जिन्यातच मान टाकायचं. तेव्हा भिंतीतल्या लवचीक पाइपातून इंटरनेटची वायर वर न्यायची, एवढंच काम. हॉलमधल्या बॉक्समध्ये दोन पाइप उघडत होते, दोन्ही सारखेच धुळकट.

"वर कुठला जातो?"

"डावा. माझ्या घरातलं मला नाही कळणार?"

बायकोला वर पिटाळून त्यानं स्टीलची स्प्रिंग पाइपात सारली. तिच्या शेपटाला वायर बांधली होती. स्प्रिंग एका वळणावर अडली, त्यानं जोर केला आणि अचानक ती हलकी झाली. मागोमाग वायर सरसर आत जाऊ लागली.

"शाब्बास! ओढ!"

"काय ओढू?" बायको त्याच्या मागेच उभी होती. "वर काही आलंच नाही. कंटाळून खाली आले मी."

दोघांनी वायरीकडे पाहिलं. ती जातच होती. सावकाश, हातभर जायची, थांबायची, पुन्हा हातभर.

"अहो, कोण ओढतंय?"

"उंदीर असेल."

"दहा मीटर?"

भिंतीपलीकडे त्याच्या थोरल्या भावाचं घर. सहा वर्षांपूर्वी भांडण झालं, एका घराची दोन झाली आणि बोलणं बंद पडलं. पण तिथं तर आठ दिवस कुलूप होतं. बायकोनं खिडकीतून वाकून पाहिलं, कुलूप जागच्या जागी.

त्यानं भिंतीला कान लावला. आत कुणीतरी खाकरलं. त्यानं वायर घट्ट धरली, तशी ती थांबली. मग दोन झटके. थोड्या वेळानं पुन्हा दोन.

"सोडा ती वायर! सोडा आधी!"

त्यानं सोडली नाही. लहानपणी दोघं भाऊ दोन खोल्यांत झोपायचे, पायाच्या अंगठ्याला एकच सुतळी बांधून. दोन झटके म्हणजे 'जागा आहेस का?' त्यानं घाबरत घाबरत एक झटका दिला. पलीकडून तीन आले. म्हणजे 'ये.'

दादाच्या घराचं मागचं दार उघडंच होतं. दादा फरशीवर बसला होता, मांडीवर वायरीचं भेंडोळं.

"आणि ते कुलूप?"

"पुढून गेलं की तुझं तोंड दिसतं. मी मागूनच येतो-जातो." दादानं वायरीचं टोक पुढे केलं. "इकडं सगळं ऐकू येतं बरं का. पोरीचं चारला आहे ना? आण तिला. इथं आवाज नाही."

मुलाखत तिथंच झाली. दाराबाहेर दोघे भाऊ श्वास रोखून उभे होते. नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. बॉक्स उघडून हसला. "वायर चुकीच्या पाइपात गेलीय, साहेब. काढून टाकतो."

"खबरदार हात लावलास तर!" भिंत ओरडली.

इलेक्ट्रिशियनची पक्कड पायावर पडली. "कोण... कोण बोललं?"

"माझा दादा," साहेब म्हणाले आणि चहा टाकायला उठले. "तीन कप."