घरबसल्या टेक्सस

"अँटेना?" रविवारची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात कॉफीचा कप हातात धरून ऑर्विल ट्वेट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अहो, या जमान्यात छपरावर अँटेना कोण लावतं? कावळ्यांची सोय करायचीय का? माझ्याकडे केबलचं इंटरनेट आहे! टीव्हीची ती भाड्याची पेटी कंपनीच्या काउंटरवर आपटून आलो. आता एकाच वायरीतून इंटरनेट, फोन आणि झाडून सगळी लोकल चॅनेलं. गुरुवारी दुपारी सगळे माझ्याकडेच या!"

हा टोला मार्लिन ब्रेकेला होता. मार्लिन ऑर्विलच्या समोरच राहायचा आणि त्याच्या छपरावर वडिलांच्या काळातली अँटेना अजून ताठ उभी होती. मार्लिन म्हणाला, "बरं," आणि कॉफी प्यायला. मिनेसोटात भांडण एवढ्यावर संपतं. म्हणजे खरं तर एवढ्यावर सुरू होतं, पण ते बाहेरच्याला कळत नाही.

गुरुवारचं निमित्तही तसंच होतं. ऑर्विलची बायको आर्डिस टीव्हीवर येणार होती! अर्ध्या तासावरच्या शहरात चौदा नंबरचं चॅनेल होतं. त्याच्या दुपारच्या कार्यक्रमात ती लेफ्सा करून दाखवणार होती. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. सगळ्याच बायका करतात, पण आर्डिसची पोळी अशी की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा माणूस ओळखता यावा. लग्न झाल्यापासून ती दर नाताळाला चर्चच्या तळघरात पोळ्या लाटत आली होती आणि आजवर तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यांत मोठं कौतुक म्हणजे "काही वाईट नाही." टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय एवढं!" आणि त्याच संध्याकाळी शहरात जाऊन निळा स्वेटर घेऊन आली.

ऑर्विलनं मंगळवारीच सगळी जोडाजोडी करून ठेवली. टीव्हीच्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला, "तुमचं ठिकाण शोधत आहोत" अशी अक्षरं आली, मग "सापडलं! ही तुमची लोकल चॅनेलं!" आणि एक बातम्या देणारा गृहस्थ हसत प्रकट झाला.

"बघ!" ऑर्विल म्हणाला.

आर्डिसनं चष्म्यावरून पाहिलं. "हा माणूस नवा दिसतो."

"असेल नवा. माणसं बदलतात."

"टाय कसला बांधलाय? बुटाच्या नाडीसारखा!"

"अगं, फॅशन बदलते!" ऑर्विल म्हणाला आणि टीव्ही बंद करून टाकला. आपलं काम फत्ते झालेलं असताना कुणी टायवरून फाटे फोडलेले त्याला खपत नसत.

गुरुवारी सकाळी आर्डिस पोळपाट-लाटणं, उकडलेले बटाटे आणि निळा स्वेटर असा सगळा संसार घेऊन निघाली. दारात थांबली. "बघशील ना रे?" एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत या बाईनं आपणहून काही मागितल्याचं ऑर्विलला आठवत नव्हतं. "म्हणजे काय!" तो म्हणाला.

दुपारी दिवाणखाना भरला. बाहेर उणे अठरा डिग्री, तेही फॅरनहाइटमध्ये. पाहुणे दारात बूट काढून, कोट आतल्या पलंगावर रचून, मोज्यांवर येऊन बसले. चर्चच्या धर्मगुरू असलेल्या पास्टरबाईंनी बटाटे आणि चीज घातलेली भाजलेली हॉटडिश आणली होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या लव्हॉन स्कारनं लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. मार्लिननं फक्त स्वतःला आणलं होतं आणि तो कोपऱ्यातल्या खुर्चीत मख्ख बसला होता.

ऑर्विलनं घसा साफ केला, रिमोट उंच धरला आणि बटण दाबलं.

"नमस्कार लबक!" पडद्यावरचा नाडीवाला गृहस्थ ओरडला. "टेक्ससच्या आपल्या शहरात आज पंच्याहत्तर डिग्री, मंडळी! आज शर्टाच्या बाह्या दुमडा!"

पाहुण्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर मार्लिनची टपालपेटी बर्फातून जेमतेम डोकं काढून उभी होती.

शेवटी लव्हॉन म्हणाली, "ऊन छान पडलंय."

"हो ना," पास्टरबाई म्हणाल्या. "वेगळंच आहे."

ऑर्विलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या गावात घशाखाली न उतरणाऱ्या पदार्थाला, फसलेल्या केशरचनेला आणि नको असलेल्या जावयालाच फक्त "वेगळं" म्हणतात.

"जाहिरात आहे ही! जाहिरात!" त्यानं चॅनेल बदललं. लबकचा गुरांचा बाजार. बदललं. लबकच्या रस्त्यावर वाहनांची कोंडी. पुन्हा बदललं. लबकमधल्या एका बाईचा कुत्रा हरवला होता.

ऑर्विलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं स्वयंपाकघरातला फोन उचलला आणि इंटरनेटवरून चॅनेलं पुरवणाऱ्या कंपनीला लावला. दार उघडंच होतं. पाहुणे लिंबाच्या वड्यांकडे अतिशय लक्ष देऊन बघू लागले.

"सर, तुमचं कनेक्शन टेक्ससमध्ये दिसतंय," फोनवरची पोरगी गोड आवाजात म्हणाली.

"कनेक्शन माझ्या घरात आहे! मिनेसोटात! मी त्याच्यासमोर उभा आहे!"

"सिस्टिमला तसं दिसत नाहीये, सर."

"मग सिस्टिमला म्हणावं, खिडकीतून बघ! इथं माझी मिशी गोठलीय!"

"तुमच्या इंटरनेट कंपनीनं तुमची लाइन तिकडच्या नावावर चढवली असेल, सर. आम्ही लाइन बघून गाव ठरवतो. पण काळजी करू नका, गाव बदलता येतं."

"बदला! आत्ताच्या आत्ता बदला! माझी बायको टीव्हीवर येतेय!"

"अभिनंदन, सर! पण त्यासाठी तुम्हाला घरी जाऊन बटण दाबावं लागेल."

"मी घरीच आहे!"

"आत्ता तुम्ही लबकला आहात, सर. घरी पोचलात की दाबा."

"अगं बाई, याच घरात माझा जन्म झाला! याच घरात मरणार, आणि तुझ्या कृपेनं बहुतेक आजच! मी आयुष्यात टेक्ससला पाऊल ठेवलेलं नाही!"

"समजू शकते, सर. प्रवासात असं वाटतं."

ऑर्विलनं भिंतीला डोकं टेकलं. काय म्हणावं या लोकांना? माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या मोज्यांवर उभा आहे, आणि एक यंत्र त्याला सांगतं की तू परगावी आहेस! आणि ही पोरगी त्याच्यापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवते!

"एक उपाय आहे, सर," पोरगी म्हणाली. "तुमची इंटरनेटची पेटी बंद करून पुन्हा चालू करा. कधी कधी लाइनला खरं गाव सापडतं. मी फोनवर थांबते."

ऑर्विलनं तत्परतेनं वायर उपसली.

"काढली! आता पुढे? हॅलो? हॅलो!"

फोन मेला होता. एकाच वायरीतून इंटरनेट, फोन आणि सगळी लोकल चॅनेलं! ऑर्विल रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. रविवारी हे वाक्य आपणच किती ठसक्यात म्हटलं होतं ते त्याला आठवलं.

तो बाहेर आला तेव्हा पडदा काळा होता आणि पाहुणे त्या काळ्या पडद्याकडेही तितक्याच सौजन्यानं बघत होते. ऑर्विलनं आत जाऊन वायर पुन्हा खुपसली. गोल फिरला, फिरला, फिरला. पास्टरबाईंचे तर हात जोडल्यासारखे दिसले. चित्र आलं. उन्हात एक भलामोठा माणूस, भलीमोठी हॅट घालून, भल्यामोठ्या चुलीपुढे उभा होता. "लबककर हो," तो म्हणाला, "आज मी तुम्हाला गाईच्या छातीचं मांस भाजून दाखवणार!"

तेवढ्यात मार्लिन खाकरला.

"म्हणजे," तो वडीकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे आपली अँटेना आहेच. रस्ता ओलांडला की झालं."

ऑर्विलच्या जिवात जीव आला. देवासारखा धावून आला हो माणूस! पण कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे तिथल्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

"नको, नको," ऑर्विल म्हणाला. "कशाला उगीच तुला त्रास?"

"त्रास कसला? टीव्ही चालूच असतो."

"नको रे. एवढी मंडळी. तुझ्याकडे बर्फाचा चिखल होईल."

आता तिसऱ्यांदा. ऑर्विल खुर्चीच्या कडेवर सरकला. लव्हॉननं पाय जमिनीवर टेकले. पास्टरबाईंनी बशी खाली ठेवली. साऱ्या खोलीचे डोळे मार्लिनच्या तोंडाकडे लागले.

मार्लिननं लिंबाची वडी उचलली आणि तोंडात टाकली. "बरं," तो म्हणाला. "इथंही छानच आहे."

नीच माणूस! तिसऱ्यांदा विचारायला काय जीभ झडली असती का याची? कावळ्यांचा सूड उगवला मेल्यानं! ऑर्विल आतल्या आत धुमसत राहिला. आपण उठून "चला मार्लिनकडे" म्हणावं, तर ते भीक मागण्यासारखं. पाहुण्यांनी उठावं, तर तो यजमानाचा अपमान. रस्त्यापलीकडे, वीस पावलांवर, आर्डिस टीव्हीवर दिसत असणार होती, आणि इकडे अख्खी मंडळी हालत नव्हती!

म्हणून मग सगळ्यांनी टेक्सस पाहिलं. बघता बघता त्यात रमलेही.

"किती वेळ भाजतो म्हणाला?" लव्हॉननं विचारलं.

"रात्रभर," पास्टरबाई म्हणाल्या.

"रात्रभर! आणि झोपतो कधी?"

ऑर्विलनं घड्याळाकडे पाहिलं. आत्ता ती लाटत असेल. निळ्या स्वेटरच्या बाह्या वर करून, कपाळावरची बट मनगटानं मागे सारून. अख्ख्या जिल्ह्यानं तिला पाहिलं असेल, फक्त नवऱ्यानं नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं. नेमक्या त्याच क्षणी हॅटवाल्यानं मांसावर सुरी ठेवली. ती लोण्यात शिरावी तशी आत गेली, वाफ निघाली, आणि ऑर्विलच्या डोळ्यांतून दोन थेंब गालावर ओघळले.

कार्यक्रम संपला तरी कुणी गेलं नाही. आर्डिसचं अभिनंदन न करता जायचं कसं? कॉफीचं दुसरं भांडं झालं, वड्या शेवटच्या एका वडीपर्यंत संपल्या, त्या एका वडीचे चार तुकडे झाले, आणि अंगणात गाडी वाजली.

आर्डिस आत आली. कोट तसाच, काखेत पोळपाट. ऑर्विलला वाटलं, आता इथंच जमीन दुभंगावी. त्यानं कुणाला काही शिकवलं नव्हतं, कुणाला डोळा मारला नव्हता. गरजच पडली नाही. ती माणसं मुळातच सभ्य!

"आर्डिस!" लव्हॉन पुढे झाली. "अगं, किती पातळ लाटलीस!"

"स्वेटर फार खुलून दिसत होता," मार्लिन म्हणाला. हा मार्लिन! ऑर्विलला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"तुझ्या पोळीला, आर्डिस, तोड नाही," पास्टरबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची बंदी होती, म्हणून त्या काय ते बेतानं बोलल्या.

आर्डिस एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"काय सांगू तुला!" ऑर्विलला आता जोर चढला. "तुला पडद्यावर बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं! विचार यांना!"

"आलं होतं," सगळे एका सुरात म्हणाले. यात तरी खोटं काही नव्हतं.

आर्डिसनं पोळपाट टेबलावर ठेवला. सावकाश कोटाची बटणं काढली.

"गोठलेल्या तळ्यावर कुणाचा तरी ट्रक बर्फ फुटून खाली गेला," ती म्हणाली. "पूर्ण कार्यक्रमभर तोच ट्रक दाखवत बसले. मी जिन्यात स्टुलावर बसले होते, बटाटे मांडीवर घेऊन. मला घेतलंच नाही."

लव्हॉन खाली बसली.

"मग तुम्ही," आर्डिस म्हणाली, "कुणाला बघत होतात?"

शेवटी पास्टरबाईंनीच मान खाली घातली. "आर्डिस," त्या म्हणाल्या, "आम्ही टेक्सस बघत होतो."

मिनेसोटात निरोप घ्यायला तास लागतो. आधी खुर्चीतून उठून, मग दारात, मग गाडीच्या काचेतून. त्या दिवशी मात्र पलंगावरचे कोट ज्याला जो सापडला तो घालून मंडळी निघाली. मार्लिन तर लव्हॉनचा जांभळा कोट घालून पळत होता.

"मार्लिन!" आर्डिसनं दारातून हाक मारली. "त्यांनी मला पुढच्या गुरुवारी बोलावलंय. तुझी अँटेना चालते ना?"

"चालते!"

"मग सगळे तुझ्याकडेच बसा."

"बसतो!" एकदाच विचारलं आणि एकदाच हो म्हणाला. शिष्टाचार गेला चुलीत!

दार लागलं. घरात दोघंच उरली. ऑर्विल रिमोट पुसत उभा होता. रिमोट पुसायची तशी काही गरज नव्हती.

"चूक माझी नाही," तो शेवटी फणकारला. "कंपनीची आहे! माणसाला न विचारता त्याचं गाव बदलतात म्हणजे काय? मी पत्र लिहिणार आहे! मी गव्हर्नरपर्यंत जाणार आहे!"

"जा," आर्डिस म्हणाली. तिनं डब्यातून थंड झालेली एक लेफ्सा काढली, तिच्यावर लोणी आणि साखर पसरली, गुंडाळली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. मग तिनं विचारलं, "पण ऑर्विल, मी तर नव्हते. तुझ्या डोळ्यांत पाणी कशानं आलं?"

ऑर्विलनं खूप विचार केला. खोटं बोलून बोलून तो दमला होता.

"मांस फार मऊ भाजलं होतं गं त्यानं," तो म्हणाला.