टेबलाचा चौथा पाय

"जगात दोन प्रकारचे डोळे असतात," भाऊजी म्हणाले. "इतरांचे, ज्यांना दिसतं. आणि माझे, ज्यांना कळतं."

भाऊजी दिवसभर आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढत आणि उरलेल्या वेळात लोकांच्या लबाड्या. स्वतः चष्मा लावणं मात्र त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांची सहायक म्हणजे त्यांची मेहुणी, धाकटी. ही नेमणूक तिला न विचारताच झाली होती. ती प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची आणि आठवडाभर सूक्ष्मदर्शकाखेरीज कुणाशी फारशी बोलायची नाही. रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र ती वैद्यबाई व्हायची: कागदावरची, पण शूर आणि तोंडाळ.

खेळच तसा होता. प्रत्येकाचं एक कागदी पात्र, वीस बाजूंचा एक फासा आणि पडद्याआड बसून गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार. हा सूत्रधार एरवी जनावरांचा डॉक्टर. भिडस्त इतका, की कुत्र्याला सुई टोचण्याआधी त्याची माफी मागायचा.

सध्या मंडळी एका दरीपाशी अडली होती. कसोटी अशी, की तीनदा फसायच्या आत सहादा जमलं पाहिजे. कुणी दोर टाकायचा, कुणी वारा जोखायचा. फाशावरचा आकडा आणि अंगचं कसब यांची बेरीज सूत्रधाराच्या आकड्याला पोचली, की जमलं. पण पोचतच नव्हती. आधी दोन रविवार हात हलवत परतले होते. आज फसले तर सगळे दरीत.

"मग खेळ आवरूया," सूत्रधार हळूच म्हणाला. "तुम्हालाही कंटाळा आला असेल."

धाकटीने वैद्यबाईचा कागद स्वतःकडे ओढला. वैद्यबाई गेली, तर रविवारी बोलणार कोण?

"घातपात!" भाऊजींनी भिंग काढलं आणि धाकटीचा निळा फासा पाण्याच्या ग्लासात टाकला. "वजन भरलेला फासा तरंगताना एकच बाजू वर ठेवतो."

"तो बुडालाय, भाऊजी."

"बघ, किती मुरलेला आहे!"

मग ते तिसऱ्या खेळाडूकडे, वायरमनकडे वळले. "खिशातलं चुंबक काढ."

"पक्कड आहे साहेब."

"फासा प्लास्टिकचा आहे," धाकटी पुटपुटली.

"म्हणूनच चुंबकाचा संशय कुणाला येत नाही!"

"टेबल उतरतं असेल," वायरमनने सुचवलं.

भाऊजी दयाळूपणे हसले. "मध्यंतरी डुगडुगत होतं, तेव्हा त्याच्या चौथ्या पायाला टेकू मी स्वतः दिलाय. या खोलीत संशयातीत असं तेवढंच आहे."

तपास चालू असतानाच दोन फासे पडले आणि दोन्ही फसले. आता एकच चूक उरली. तेवढ्यात ताई, म्हणजे भाऊजींची बायको, रिकामे कप न्यायला आली. चमचा खाली पडला, म्हणून वाकली.

"अहो, एवढं नवंकोरं पुस्तक पायाखाली कुणी घातलं? वर राक्षसाचं चित्र आहे बघा."

सूत्रधार उठून उभा राहिला. "नव्या आवृत्तीचं नियमपुस्तक! मला वाटलं, माझ्याच हातून हरवलं. म्हणून दरीचे आकडे मी जुन्या आवृत्तीतून घेतले."

"मग विचारायचं नाही का?" ताई म्हणाली.

"यांनी तपास सुरू केला असता."

धाकटीने मान वर केली. "जुन्या आवृत्तीत पात्र मोठं झालं की सगळं कसब आपोआप वाढायचं, म्हणून तिथले आकडे मोठे. आमची पात्रं नव्यातली, कसब बेताचं. दरी जुन्या मापाची आणि ढांगा नव्या मापाच्या. पोचणार कसे?"

सूत्रधाराने पुस्तक टेबलाखालून ओढून काढलं आणि भराभरा पानं उलटली. "पण नव्यात अशी कसोटीच नाहीये!"

"मग सहा आणि तीन जुनेच ठेवा. आकडे तेवढे नवे घ्या. आणि पहिल्यापासून खेळूया." बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. हे वैद्यबाई बोलली नव्हती.

"गुन्हेगार टेबलाच्या आसपासच आहे, हे मी ओळखलं होतं," भाऊजी म्हणाले.

"हो ना. भिंग घेऊन बसलाय," ताई म्हणाली. ती आता कप घेऊन जायला तयार नव्हती.

नव्या आकड्यांनी डाव रंगला. पाचदा जमलं, दोनदा फसलं. शेवटचा फासा धाकटीचा. मघाशी तिला एकोणीस लागले असते, आता दहा पुरे होते. तिने फासा टाकला. टेकू गेलेलं टेबल डुगडुगलं, फासा घरंगळला आणि थेट कपाटाखाली गेला.

"कुणी हलू नका!" भाऊजी भिंगासकट पालथे पडून आत सरकले. "सापडला!"

"काय पडलंय?"

आतून भिंग पुढेमागे सरकवल्याचा आवाज आला.

"सोळा. किंवा एकोणीस. जरा उजेड कमी आहे."

"चष्म्याचं दुकान आहे आपलं," ताई म्हणाली. "एखादा लावा की डोळ्याला!"

"दोन्ही चालतात!" धाकटी इतक्या जोरात ओरडली, की पुढे दुकानात आलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. "पोचलो! सगळे पोचलो!"

सूत्रधाराने पडदा बाजूला सारला आणि घाईघाईने पुढच्या रविवारची वेळ विचारली. वायरमन टेबलाच्या पायाला लाकडाचा तुकडा शोधू लागला.

"प्रकरण मिटलं," कपाटाखालून आवाज आला. "आता मला पायाला धरून कुणीतरी बाहेर ओढा."